आधी एवढंसं

अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये तांदळाचा दाणा मावेल एवढी फट ठेवायची, एक डोळा बारीक करून त्या फटीतून समोरच्याकडे बघायचं आणि म्हणायचं, "आधी एवढंसं करून बघू." आमच्या वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंची ही मुद्रा ज्याने पाहिली नाही, त्याने कोथरूडमध्ये राहून काय पाहिलं, असं मी छातीठोकपणे विचारतो.

सोसायटीचा गणपती गच्चीवर न्यायचा होता, तर आदल्या दिवशी त्यांनी आम्हाला पाटावर उभी उशी ठेवून जिना चढायला लावला. वळणावर उशी कठड्याला घासली. "आज उशीचं नाक गेलं. उद्या जरा तिरके चढा," त्या शांतपणे म्हणाल्या. त्यांच्या घरी चहासुद्धा आधी छोट्या पातेलीत घोटभर व्हायचा. त्यांचे यजमान, बँकेतून निवृत्त झालेले अत्यंत सोशिक गृहस्थ, तो चाखून "जमलाय" म्हणायचे. मगच मोठं पातेलं चढायचं.

हा विक्षिप्तपणा नव्हता हो, ते त्यांचं काम होतं. एका रुग्णालयात त्या संशोधन करत. मोठ्या अभ्यासाच्या आधी मोजक्या रुग्णांवर एक छोटा अभ्यास करतात, त्याला तिथे 'पायलट' म्हणत. उपचार लागू पडतो का, हे त्यात ठरत नाही. मोठा अभ्यास मुळात पार पडेल का, लोक येतील का, सांगितलेलं घरी करतील का, एवढंच कळतं.

त्यांचा विषय पक्षाघात झालेल्यांच्या गिळण्याचा. अशा माणसाचा पातळ घोट श्वासनलिकेत उतरतो, फुप्फुसात जातो आणि जिवावर बेततं. म्हणून चहात एक पूड घालून तो दाट करायचा. रुग्णांच्याही आधी तो कोणी प्यायचा? अर्थात मी. एक घोट घेऊन मी हौशी रंगभूमीवर कमावलेला मृत्युप्रवेश संपूर्ण सादर केला आणि कोचावर पडल्या पडल्या म्हणालो, "बाई, हा प्यायचा नाही. याने पाकिटं चिकटवायची."

त्या खूश झाल्या. "रुग्णही हेच म्हणणार. फक्त माझ्यासमोर नाही, घरी गेल्यावर."

झालंही तसंच. नारायण पेठेतल्या एका रुग्णाकडे मी त्यांना स्कूटरवरून घेऊन गेलो, तर सून सासऱ्यांना बशीतून साधा चहा पाजत होती. आम्हाला पाहून तिचा चेहराच उतरला. ते हात जोडतात, बघवत नाही, म्हणाली. आता बाई तिला फैलावर घेणार, म्हणून मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिलो. पण त्या तिच्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "मीही माझ्या वडिलांना असाच पाजला होता. डॉक्टर झाल्यावर."

परतताना मी एक विनोद केला. तो कर्वे रस्त्यावरच पडला. बऱ्याच वेळाने मागून आवाज आला, "ते चहामुळे गेले की आजारामुळे, कोणीच सांगू शकत नाही. मला मात्र रोज चहाच आठवतो."

पुढे रुग्णालयातल्या साहेबांनी विचारलं, मग ती पूड उपयोगी की नाही? बाईंनी सांगितलं की ते या अभ्यासातून कळणारच नव्हतं. कळलंय ते एवढंच, की लोक ती घेत नाहीत. मग एवढा खटाटोप कशाला, असं साहेबांचं म्हणणं. "मोठा खटाटोप फुकट जाऊ नये म्हणून," बाई म्हणाल्या. चहा सोडून त्यांनी नाचणीची दाट, एकही गुठळी नसलेली आंबील धरली आणि पुन्हा एवढंसं करून पाहिलं. घरच्यांना ती भरवताना वाईट वाटेना. मोठ्या अभ्यासाला मंजुरी मिळाली.

तो सुरू व्हायच्या आत बाईंनाच पक्षाघात झाला. वाचा गेली, उजवी बाजू गेली. काही आठवड्यांनी डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. ते का सांगतात, हे आपल्याला ठाऊक असतं.

एका संध्याकाळी मी वर गेलो, तर यजमान बशीत चहा निववत होते. "आता काय फरक पडणार आहे हो," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "जन्मभर आवडीने प्यायली."

त्यांनी बशी ओठांशी नेली. बाईंनी ओठ मिटले. त्यांनी पुन्हा नेली. बाईंनी डाव्या हाताने बशी बाजूला सारली आणि त्यांचं मनगट धरून ठेवलं. बराच वेळ. मग उशाशी ठेवलेल्या आंबिलीच्या वाटीकडे बघून अंगठा आणि तर्जनी जवळ आणली, एक डोळा बारीक केला. एवढंसं.

यजमानांना वाटलं, चहा नकोसा झाला. मला मात्र ती स्कूटरवरची संध्याकाळ आठवली. रोज चहाच आठवणारं माणूस त्यांना मागे ठेवायचं नव्हतं.

त्याच आठवड्यात त्या गेल्या. मोठा अभ्यास आता चालू आहे. तिथे रुग्णांना आंबील देतात.

यजमान संध्याकाळी मला वर बोलावतात. छोट्या पातेलीत घोटभर चहा करतात. चाखतात, "जमलाय" म्हणतात आणि गॅस बंद करतात.