काचेवरचा लाल एल

लेकीला लायसन्स मिळालं, म्हणून काल गाडीच्या मागच्या काचेवरचा लाल 'एल' मी काढला. स्टिकर निघाला, पण गोंद चिकटून राहिला. त्यावर खोबरेल चोळलं आणि उन्हाने तापलेल्या काचेवरून तो वास आला, तशी मला आई दिसली.

बाबांची नजर अधू झाली, तेव्हा पन्नाशीतली आई गाडी शिकली. पास झाली त्या दुपारी ती पदर खोचून अशीच, खोबरेलाच्या फडक्याने सावकाश काच पुसत होती.

"एल काढलास? आता लोकांना सावध कोण करणार?" बाबा म्हणाले.

"तुम्ही बसा की शेजारी. तुमचा चेहरा बघून होतील सावध."

आम्ही खडकवासल्याला निघालो. स्वारगेटच्या गर्दीत बाबांनी सीट घट्ट धरून ठेवली होती. पुढे धरणाचं पाणी दिसू लागलं, खिडकीतून गार वारा आला आणि त्यांची मान हळूच कलली. दुसरं कोणी चालवत असताना कधी डोळा न लागणारे बाबा चक्क झोपले होते. आईने वेग कमी केला.

बाबा दमले असतील, असं तेव्हा मला वाटलं. आता वाटतं, आईला त्यांनी दिलेली तीच शाबासकी होती. तोंडाने त्यांनी ती कधीच दिली नसती.