दुसरं भोक, चार वेळा

आमच्या मुलीच्या जन्माच्या वेळी भर दुपारी शेजारीण ऑफिसात धावत आली, "वहिनींना कळा सुरू झाल्यात!" मी शेठचा फोन उचलला आणि दवाखान्याचा नंबर सांगायचा सोडून बायकोच्याच नावानं हाका मारू लागलो, "सुमन! हॅलो, सुमन!" पलीकडून एक्स्चेंजच्या बाई म्हणाल्या, "ओरडू नका, मेहताजी. दवाखान्याला लावते." आणि लावलाही.

मेहताजी म्हणजे मी. भिवंडीत लूमवाल्या शेठच्या कारकुनाला मेहताजीच म्हणतात, आडनाव काही का असेना.

तुम्ही त्या काळात भिवंडीत असाल, तर या बाई तुमच्यावरही कधीतरी डाफरल्या असतील. तेव्हा फोनला चकती नव्हती. रिसीव्हर उचलला की बाईच यायच्या, आणि समोरच्या बोर्डात वायर खुपसून आपल्याला जोडून द्यायच्या.

"अहो बाई, त्या सूतवाल्याला लावा ना," शेठ म्हणायचे.

"सूतवाले इथं गल्लोगल्ली आहेत. नाव नको, नंबर बोला."

मोठ्या माणसाचं नाव कुणी पुढे केलं, की हा आवाज आणखी चढायचा.

मग आपोआप लागणारे फोन यायचं ठरलं. चार आकडी नंबर, चकतीचे फोन. जुन्या-नव्या नंबरांची यादी करायचं काम बाईंकडे आलं. त्यांनी सगळ्यात आधी दवाखान्यासाठी २२२२ धरून ठेवला. त्याचं कारण त्यांनी मला फोनवरच ऐकवलं, रागानंच.

"लूमवरच्या माणसाला आकडे वाचता येतात का? कुणाचा हात अडकला तर त्यानं काय करायचं? एकनं सुरू होणारे नंबर टेलिफोन ऑफिस स्वतःकडे ठेवतं. म्हणून दोन. दुसरं भोक, चार वेळा. डोळे मिटून लागेल."

नवे फोन बसले होते, सुरू व्हायचे होते. सुट्टीच्या दिवशी बाई टेमघरला, शेलारला कारखान्यांतून हिंडल्या. फोनच्या वर भिंतीवर खडूच्या चार रेघा, चकतीच्या दुसऱ्या भोकापाशी लाल ठिपका. कामगारांकडून बोट घालून फिरवून घेतलं.

इकडे शेठ म्हणाले, "मेहताजी, गिऱ्हाइकाच्या लक्षात राहील असा नंबर पाहिजे. २२२२. झकास अर्ज लिहा, इंग्रजीत." मी लिहिला. व्यापार, राष्ट्राची प्रगती, निर्यात. आमचं कापड कल्याणच्या पलीकडे जात नव्हतं, तरी निर्यात घातली. शेठनी तो वरपर्यंत फिरवला. यादी छापून आली : शेठ २२२२, दवाखाना २९०८. नऊला आणि शून्याला चकती पार टोकापर्यंत ओढायची, आणि ती घरघरत माघारी येईपर्यंत वाट बघायची.

बाई ऑफिसात आल्या. तोवर मला फक्त आवाज माहीत होता. समोर ठेंगण्या, जाड चष्म्याच्या, पदर खोचलेल्या बाई.

"आमच्या मेहताजींची कमाल बरं का, बाई!" शेठ खुशीत म्हणाले.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "नंबर सांगायला जमत नाही, मागायला बरा जमतो."

मी टाइपरायटरची फीत सरळ करू लागलो. ती सरळच होती.

"परत करा नंबर," त्या शेठना म्हणाल्या. शेठ हसले.

"ठीक आहे. त्या रेघा मी पुसणार नाही. नंबर घेतलात, आता फोनही घ्या."

आणि फोन आले.

"दवाखाना हाय का? भावाचा हात गेला लूममंदी!"

"नाही हो, हे ऑफिस आहे. दवाखान्याचा नंबर लिहून घ्या..."

"आकडं न्हाय येत वो मला! बाईनं दुसरं भोक सांगलंय!"

मी त्याचा ठावठिकाणा विचारायचो, फोन ठेवायचो आणि दवाखान्याचा नंबर फिरवायचो. दोन. नऊ. शून्य. ती चकती परत येता येत नसे.

एकदा याच गडबडीत शेठचा सुताचा भाव हुकला. ते लालबुंद झाले. "मी काय दवाखाना काढलाय? लिहा तक्रार. ही बाई लोकांना चुकीचा नंबर शिकवते!"

चुकीचा! तो चुकीचा कुणी केला, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी लिहिलं. स्पेलिंग दोनदा तपासलं, शेठची सही घेतली आणि पोस्टात टाकायलाही मीच गेलो. शेठचा मला तेवढा राग येत नाही, ते शेठच होते. राग येतो त्या सुबक टायपिंगचा. समास काय, स्वल्पविराम काय!

बाईंची बदली झाली. लांब डोंगरात, जिथं अजून वायर खुपसायचं एक्स्चेंज होतं. जाताना कुणालाही भेटल्या नाहीत. कारखानदारांनी भिंतींना चुना मारला, रेघा गेल्या. हळूहळू आमच्याकडे येणारे ते फोनही थांबले. त्या माणसांनी पुढे काय केलं, मला माहीत नाही. मी विचारायला गेलो नाही.

बदलीची बातमी कळली त्या संध्याकाळी मी घरी सगळं सांगितलं, दोन्ही अर्जांसकट. सुमन मुलीची वेणी घालत होती. तिनं रिबीन बांधली. मग म्हणाली, "माझ्या वेळी त्यांनी तुम्हाला नंबर विचारला नव्हता."