वहिनींचं परळ

आमच्या वहिनी मातीच्या एका परळाला दिवसभर रिकामं बसू देत नसत. सकाळी त्या पसरट भांड्यात कणीक मळायची, आणि ती मुरेपर्यंत तेच परळ तिच्यावर पालथं घालायचं. दुपारी त्यात पाणी ओतून मधोमध गुळाचा डबा ठेवायचा, म्हणजे मुंग्या फिरकत नसत. उन्हाळ्यात ओल्या फडक्याखाली कोथिंबीर त्यातच हिरवी राहायची. सुरीची धार गेली की परळाच्या खरखरीत बुडावर चार हात घासायची आणि लगेच टोमॅटो कापून दाखवायचा. "भांडं बसून राहिलं का त्याले बी माणसासारखा आळस येते," असं त्या म्हणायच्या.

माझा मोठा भाऊ नंदिनी गावच्या चुनखडीच्या खाणीवर नोकरीला होता. तिथल्या एका कुंभारणीशेजारी बसून वहिनींनी ते परळ स्वतः थापलं होतं. त्याचा काठ एका बाजूला झुकलेला होता. दादा गेल्यावर त्या ते घेऊन माझ्या सेक्टर दोनच्या क्वार्टरमध्ये राहायला आल्या. पुढे मी रिटायर झालो, मरोद्याला घर बांधलं. सामान हलवताना त्यांनी परळ टेम्पोत ठेवू दिलं नाही, मांडीवर घेऊन बसल्या. माझी बायको वारल्यावर स्वयंपाकघर त्यांचंच झालं.

मी पोलादाच्या प्लांटमध्ये भट्टीच्या विटांच्या खात्यात होतो. भट्टीला आतून ज्या मातीच्या विटा लावतात, त्या हळूहळू तापवाव्या लागतात. ओल्या विटेला एकदम आच दिली की ती तडकते. हे ज्ञान मी वहिनींना वर्षानुवर्षं ऐकवलं. माझा गुडघा शेकायला त्या परळात वाळू तापवत, आणि मी खुर्चीतून हुकूम सोडी, "वहिनी, आच कमी करा."

"भाऊजी, तुमची भट्टी तिकडं प्लांटात," त्या म्हणत. "इथं माझी ड्युटी चालू आहे. तुम्ही फक्त गुडघा इकडं करा."

एका सकाळी वहिनी देवळात गेल्या होत्या. माझी सून मेघा शाळेत शिकवायला गेली होती. गुडघा ठणकत होता. ओट्यावर परळ नुकतंच धुऊन पालथं घातलेलं होतं. मी त्यात वाळू भरली, गॅस मोठा केला आणि वर ठेवून दिलं. टणकन आवाज आला आणि तीन तुकडे झाले. उभी नोकरी मी लोकांना जे करू नका म्हणून ओरडलो, तेच केलं होतं. तुकडे पेपरात गुंडाळून मी कोपऱ्यावरच्या कचऱ्यात टाकून आलो. सांगितलं असतं तर वहिनी पोट धरून हसल्या असत्या. मला ते हसणं नको होतं. कारण एवढंच.

"भाऊजी, परळ पाहिलं का? इथंच पालथं घालून गेली होती मी."

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी कपाट शोधलं, फ्रिज उघडला, वॉशिंग मशीनमध्येसुद्धा पाहिलं. मेघा शाळेतून आली तेव्हा त्या पलंगाखाली वाकल्या होत्या.

"मोठ्या आई, याद करा ना. कुठं ठेवलं?"

"इथंच गं बाई. मले काय समजत नाही का?"

मेघा मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाबा, परवा दूध पण उतू गेलं. आता यांना गॅसजवळ एकटं सोडायला डर लगता है." दूध कोणाच्या घरात उतू जात नाही? पण मी तेही बोललो नाही. दुसऱ्या दिवसापासून मेघा त्यांना प्रेमानेच बाहेर बसवू लागली. वहिनी हॉलमध्ये हात मांडीवर ठेवून बसायच्या. आज सांगू, उद्या सांगू, असं करता करता माझ्याजवळ सांगण्यासारखं पाप दुप्पट झालं.

महिनाभराने मी बाजारातून तसंच परळ आणलं. हातात देताना सगळं सांगायचं ठरवलं होतं. वहिनींनी ते घेतलं, काठावरून बोट फिरवलं. काठ सगळीकडून सरळ होता. बोट थांबलं.

"देखो, मिल गया!" मेघा आनंदाने म्हणाली.

वहिनी माझ्याकडे पाहत राहिल्या. मग हळू म्हणाल्या, "असन. माझंच असन. मलेच ओळखू नाही येऊन राहिलं, भाऊजी."

मी मान हलवली. हो म्हणून.

त्यानंतर त्यांनी काहीच शोधलं नाही. जेवून उठल्यावर विचारायच्या, "मी जेवली का?" त्यांना माहीत असायचं. पण स्वतःच्या माहितीवर त्यांचा विश्वास उरला नव्हता. पुढच्या थंडीत त्या गेल्या.

शेवटी शेवटी वहिनींना काही आठवत नव्हतं, असं आमच्या नात्यात आजही बोलतात. ते खोटं आहे. त्यांना सगळं नीट आठवत होतं. विसरल्या असं मी त्यांना पटवलं.

गेल्या महिन्यात मी हे मेघाला सांगितलं. गॅस, वाळू, तीन तुकडे, सगळं. तिने माझा हात हातात घेतला.

"बाबा, आपने कुछ नहीं तोड़ा. परळ तर मिळालं होतं ना? तुम्हीच आणून दिलं होतं."

"ते दुसरं होतं. त्याचा काठ सरळ होता."

"हो बाबा," ती म्हणाली, आणि सकाळची गोळी घेतली का, असं विचारलं. घेतली होती, तसं मी सांगितलं. तरी तिने उठून डबी उघडून पाहिली.