रजईत गुंडाळलेलं रबराचं झाड

...आणि ते झाड टेम्पोतून उतरलं तेव्हा पिल्सुन शिंपल्या धूत बसली होती, हे पण लिही, बाळा. कोरियातल्या गुन्सानच्या बंदरामागे तिनं नुकतंच शेवयांचं दुकान काढलेलं. दुकान कसलं, पुढे चार टेबलं, मागे झोपायची खोली. माणसाच्या उंचीचं रबराचं झाड, त्याला तांबडी फीत, आणि फितीवर मोठ्या अक्षरांत, ‘आईच्या दुकानाची भरभराट होवो. सांग-गु.’ सांग-गु तिचा मुलगा. माकूळ धरायच्या बोटीवर पार दक्षिणेच्या बर्फाळ समुद्रात गेलेला. जायच्या आधी रोपवालीकडे पैसे देऊन गेला होता गुपचूप.

पिल्सुननं झाड गल्ल्याशेजारी ठेवलं, नाव दाराकडे करून. तिथं अंधार, वर शेवयांच्या हंड्याची वाफ.

गिऱ्हाइकं म्हणायची, "मावशी, झाडाला उजेड लागतो हो! तुम्ही तर त्याला हिशेबाला बसवलंय."

"बसू दे. माझ्या पोराचं नाव येणाऱ्या-जाणाऱ्यानं वाचायला नको?"

"वाचलं, वाचलं! आता वाढा, नाहीतर त्याची पानंच खातो."

पानगळीच्या दिवसांत बोटीवाल्यांची माणसं आली. वादळ झालं म्हणाली, शोधतोय म्हणाली. टोपी हातात धरून उभीच राहिली, शेवयांना हात न लावता गेली.

तेव्हापासून पिल्सुन रोज त्याचा भात काढून ठेवायला लागली. तुम्हा पोरांना काय माहीत, तुमचा भात कुकरमध्ये आपला ऊन राहतो. तेव्हा बाहेर गेलेल्या माणसाचा भात झाकणाच्या वाडग्यात घालायचा आणि खोलीतल्या सगळ्यात उबदार जमिनीवर, रजईखाली ठेवायचा. जमिनीखालून चुलीची धग जाते ना, तिथं. दारात आला की पहिला घास गरम मिळायला हवा.

थंडी पडली आणि झाडाची पानं पिवळी पडायला लागली. पिल्सुनला वाटलं, गारठलंय. गरम मुलखातलं झाड, त्याला सोसेल का? ओढत ओढत मागच्या खोलीत नेलं, त्या वाडग्याशेजारी ठेवलं, कुंडीला रजई गुंडाळली.

धाकटी मिओक म्हणाली, "आई, अगं झाड आहे ते. दादा नाहीये."

"मला कळतं. तू कोळसा घाल."

मिओकनं घातला.

सकाळी उठून पाहावं तर रजईवर पानं. पिल्सुन ती गोळा करायची, टाकायची नाही. म्हणायची, अजून ऊब पुरत नाहीये. आणि आणखी कोळसा घालायची.

शेवटी रोपवाली शेवया खायला आली. झाड दिसेना, म्हणून आत डोकावली. रजई बाजूला करून मातीत बोट घातलं आणि चटकन मागे घेतलं.

"ताई, अगं मुळं शिजली याची! याला खालून धग नको गं, उजेड हवा होता. खिडकीपाशी, पातळ पडद्याआड, आणि एकदा ठेवलं की हलवायचं नाही."

पिल्सुननं रजई उचलून कुंडीपासून लांब केली. "मीच शिजवलं," एवढंच म्हणाली. पोर समुद्रात गारठलं आणि झाड तिनं उबेनं मारलं, हे तिच्या मनातून कधी गेलंच नाही.

शेंड्याकडे वीतभर हिरवं उरलं होतं. रोपवालीनं ते कापून लहान कुंडीत लावलं. पिल्सुननं खिडकीतलं टेबल काढून तिथं ती कुंडी ठेवली, तांबडी फीत काठीला बांधली. त्या संध्याकाळी भाताचा वाडगा रजईखाली गेला नाही. कुंडीशेजारी ठेवला, आणि तिथंच गार झाला.

सांग-गु आला नाही. पिल्सुनही गेली. जाताना कुंडी शेजारी म्हणून माझ्याकडे ठेवून गेली, मिओकला मोठं घर मिळालं की दे म्हणाली. आता मिळालंय. मोठी खिडकी आहे म्हणे, पण जमीन सगळीकडून तापते. म्हणून बाळा, रविवारी जाशील तेव्हा ही कुंडी तिला नेऊन दे. म्हणावं, लाकडी स्टुलावर ठेव, जमिनीवर नको. खिडकीशी, पडद्याआड. आणि कितीही थंडी पडली तरी वर रजई घालू नकोस म्हणावं.