तीन बाथरूमचा फ्लॅट

नाव: प्रेमला. (आडनाव ॲपवर दिसत नाही. कंपनीच्या मते ते ग्राहकांच्या सोयीसाठी आहे.) हुद्दा: वरिष्ठ स्वच्छतागृह-तज्ज्ञ. दर्जा: सेवा-भागीदार; नोकर नव्हे, कर्मचारीही नव्हे. कार्यक्षेत्र: हडपसर, मांजरी, आणि सणासुदीला कंपनी म्हणेल ते. उंची: स्टुलासह एक्झॉस्ट फॅनपर्यंत. भाषा: मराठी, कामापुरती हिंदी, आणि 'हॅव अ नाइस डे, मॅम'. वर्तन: समाधानकारक. सदर व्यक्तीस कमोड, बेसिन, फ्लशची टाकी व फरशीच्या सांध्यांतील पिवळेपणा यांविषयी विशेष प्रावीण्य प्राप्त असून, ती ग्राहकाच्या घरातील कोणत्याही स्वच्छतागृहात प्रवेश करू शकते. मात्र त्याचा वापर करू शकत नाही.

शेवटचं वाक्य कंपनीने मोठ्या अक्षरांत कुठे लिहिलेलं नाही. तशी गरज पडली नाही, कारण ऋतिकाचं सगळ्यांना माहीत होतं. ऋतिका प्रेमलाच्याच बॅचची. बाणेरला एका घरात काम करताना ती विचारून आत गेली. विचारलं होतं आजींना. तक्रार केली सूनबाईंनी. दुसऱ्या दिवशी ऋतिकाचा आयडी बंद. आयडी बंद म्हणजे कामावरून काढलं असं नव्हे. भागीदाराला कामावरून काढता येत नाही. त्याला फक्त काम दिसेनासं होतं.

प्रेमला रामटेकडीला राहते. घरात ती आणि तिची मुलगी मैत्री, फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला. घर आणि फार्मसी दोन्ही प्रेमलाच्या आयडीवर चालतात. म्हणून बरीच वर्षं तिचा साधा नियम होता: घरातून निघताना अर्धा कप चहा, त्यानंतर घरी परत येईपर्यंत घशाखाली काही नाही. गेल्या थंडीत तिला ताप भरला, कंबर धरली. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पाणी पिता का?"

"पिते की. घरी गेल्यावर."

"आणि लघवी?"

"तीही घरी गेल्यावरच."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "हे पुन्हा झालं ना, तर थेट किडनीपर्यंत जाईल. तेव्हा माझ्याकडे येऊ नका, मोठ्या हॉस्पिटलात जा."

तेव्हापासून मैत्री रोज पाण्याची बाटली भरून देते आणि रात्री ती रिकामी आहे का ते तपासते. आणि तेव्हापासून प्रेमलाने स्वतःची एक कार्यपद्धती बसवली, जी कंपनीच्या प्रशिक्षणात नाही. बाथरूममध्ये शिरायचं, केमिकल मारायचं आणि म्हणायचं, "मॅडम, दार लावून घेते हं, वास डोळ्याला लागतो." दार लागलं की दोन मिनिटं तिची. त्यानंतर ती ते कमोड असं घासते की नियमभंगाचा पुरावा नियमानुसारच नष्ट होतो. आजवर एकाही ग्राहकाने दार लावायला हरकत घेतली नव्हती. दुसऱ्याच्या घाणीचा वास कुणाला हवा असतो. आणि स्वतःच्याच घाणीचा तर त्याहून नको असतो.

पाडव्याआधीच्या आठवड्यात तिला मांजरीचं काम लागलं. नवा टॉवर, अकरावा मजला, तीन बाथरूमचा फ्लॅट. टॉवर ज्या जमिनीवर उभा आहे ती मच्छिंद्ररावांची. त्यामुळे ते आता आपल्याच शेताच्या अकराव्या मजल्यावर राहतात. सोबत मुलगा पियुष आणि सून तेजस्विनी. दोघांची कंपनी हिंजवडीला, पण त्या दिवशी दोघंही घरूनच काम करत होते. संध्याकाळी तेजस्विनीचे आईवडील पाडव्यासाठी राहायला येणार होते, आणि त्याआधी घर चकचकीत व्हायला हवं होतं. तिने तयारी केली होती: कपाटं रिकामी, पडदे काढलेले, आणि सफाईवाले येणार म्हणून आदल्या दिवशी अख्खं घर स्वतः पुसून काढलेलं. सफाईवाल्यांनी घाण पाहिली तर काय म्हणतील, ही पुण्यातली जुनी काळजी आहे.

दार उघडलं मच्छिंद्ररावांनी. प्रेमलाबरोबर सोफे धुणारा महिपती होता, हातात मशीन.

"या, या. उन्हातनं आलाय. आधी ताक घ्या."

"नको काका, काम सुरू करतो आम्ही."

"काम कुठं पळून जातंय? घ्या म्हणतो ना."

ताक आलं ते काचेच्या ग्लासांत, नक्षीवाल्या, शोकेसमधल्या. प्रेमलाला पेपर कपाची सवय आहे, आणि पेपर कपाला नाही म्हणणं सोपं असतं. या ग्लासाला नाही म्हणणं तिला जमलं नाही. तिच्या वडिलांना लहानपणी गावात पाणी मिळायचं ते वरून, ओंजळीत. ती हे कुणाला सांगत नाही, पण विसरलेलीही नाही. तिने ग्लास रिकामा केला. मच्छिंद्ररावांनी तो लगेच पुन्हा भरला. मैत्रीची बाटली तिने बसमध्येच संपवली होती. तरी तिने दुसरा ग्लासही घेतला. तीन बाथरूम होती, दारं होती, काळजीचं कारण नव्हतं.

दारात आलेल्याला पाणी विचारणं ही आपली संस्कृती. त्या पाण्याचं पुढे काय होतं, हा विषय संस्कृतीच्या कक्षेबाहेर आहे.

"अण्णा, तुम्ही खाली जाऊन बसा बरं, इथे धूळ उडेल," तेजस्विनी सासऱ्यांना म्हणाली. अण्णा गेले. मग ती प्रेमलाकडे वळली. "मावशी, आधी पाहुण्यांचं बाथरूम, मग अण्णांचं, मग आमच्या बेडरूममधलं. एकेक झालं की मी लॉक करत जाणार. आईबाबा येईपर्यंत कोणी पाय ठेवायचा नाही. ओके?"

"हो मॅडम."

पहिल्या बाथरूममध्ये प्रेमलाने केमिकल मारलं आणि दाराच्या कडीला हात घातला. "दार लावून घेते हं मॅडम, वास डोळ्याला लागतो."

"नको, नको, उघडंच राहू दे. मला चालतो वास."

तेजस्विनीने पॅसेजमध्ये प्लास्टिकचं स्टूल मांडलं होतं. मांडीवर लॅपटॉप, एका कानात मीटिंगचं यंत्र. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं की सफाईवाले आपलंच बाथरूम वापरतात, लक्ष ठेवा. खाली अंगठ्यांची रांग लागली होती.

"तसं काही नाही हं मावशी," ती म्हणाली, "इथे जरा वारा येतो."

प्रेमला आत वळली आणि हँड शॉवर सोडला.

दोन ग्लास ताक पोटात असताना कधी संडास धुवून पाहावा. टाकीत पाणी भरतं त्याचा आवाज, जाळीतून ते खाली जातं त्याचा आवाज, नळाच्या तोंडाशी राहिलेला थेंब पडतो त्याचा आवाज; घरातल्या साऱ्या पाण्याला वाट आहे आणि आपल्याला नाही, हे तासभर कानावर पडत राहतं. प्रेमलाने दात आवळले आणि फरशीचे सांधे घ्यायला सुरुवात केली. उकिडवं बसलं की कळ कमी व्हायची, उठलं की दुप्पट यायची. तिने मनातल्या मनात बुद्धवंदना सुरू केली. दुसऱ्या सरणापर्यंत, 'धम्मं सरणं'पर्यंत आली आणि फ्लशची टाकी भरून फुस्स झाली, पुढचं आठवेना.

पहिलं झालं. तेजस्विनीने आत डोकावून "वा!" म्हटलं, दार ओढलं, किल्ली फिरवली आणि स्टूल उचलून दुसऱ्या दारापाशी नेलं.

हॉलमधून महिपतीने पाहिलं. "प्रेमलाताई, तोंड का असं? बरं वाटत नाही का?"

"तू तुझा सोफा बघ."

"मी जरा खाली जाऊन येतो," महिपती म्हणाला, आणि आलाही, शीळ घालत. कंपाउंडला भिंत असते. पुरुषाला तेवढी पुरते.

दुसऱ्या बाथरूममध्ये तिने उभ्याने काम करायचं सोडून दिलं. कंबरेत डाव्या बाजूला ओळखीची चमक यायला लागली होती. थंडीत ताप भरण्याआधी आली होती तशीच. ती एक क्षण कमोडच्या कडेला हात टेकून थांबली. हात टेकायला परवानगी आहे. स्टुलावरून आवाज आला, "मावशी, काही राहिलं का?"

"नाही मॅडम. डाग बघत होते."

"हो, तो अण्णांचा आहे. त्यांना कितीदा सांगितलं."

दुसऱ्याची किल्ली फिरली.

तिसरं बाथरूम बेडरूममधलं. बेडरूममध्ये पियुष कॉलवर. "माझा आवाज येतोय का? येतोय का सगळ्यांना?" असं तो दर थोड्या वेळाने विचारत होता. दार उघडं, समोर पियुष, मागे बायको. प्रेमलाने हिशेब केला: हे उरकायचं, लिफ्टने उतरायचं, बस, रामटेकडी. दुपारच्या वेळी बस कधी येईल याचा भरवसा नाही. तोवर निभणार नाही, हे तिला कळलं होतं. युनिफॉर्मची पँट फिकट राखाडी आहे, हेही.

एक्झॉस्ट फॅन राहिला होता. ती आपल्या स्टुलावर चढली. जाळी काढली तशी वर्षभराची धूळ तोंडावर आली, आणि नाकात शिंक उभी राहिली.

शिंक आली असती तर सगळं संपलं असतं. तिने एका हाताने पाइप धरला, दुसऱ्याने नाक दाबलं, पाय एकमेकांवर चढवले आणि श्वास कोंडला. स्टूल डुगडुगलं. पियुष म्हणत होता, "नो, नो, गो अहेड, आय ॲम लिसनिंग." शिंक नाकाच्या टोकाशी येऊन थांबली, विचार करत राहिली आणि मागे गेली. प्रेमलाच्या डोळ्यांतून पाणी आलं. तेवढंच पाणी बाहेर आलं.

ती खाली उतरली, पंखा पुसून लावला, हातमोजे काढले. आणि जे इतक्या वर्षांत कुठल्याही घरात बोलली नव्हती ते बोलली.

"मॅडम, मला बाथरूमला जायचंय."

तेजस्विनीने कानातलं यंत्र काढलं. "काय?"

"बाथरूमला जायचंय. आता जायलाच पाहिजे."

तेजस्विनी वाईट बाई नाही. ती गोरीमोरी झाली. "अहो, हो ना... म्हणजे काहीच हरकत नाही. फक्त आत्ताच केमिकल मारलंय ना? तुम्हीच म्हणालात तासभर सुकू द्यायचं."

हे प्रेमलाच म्हणाली होती. तज्ज्ञ म्हणून.

"अण्णांचं चालेल मला. सुकलं असेल ते एव्हाना."

"अण्णांचं..." तेजस्विनीने मुठीतल्या किल्ल्यांकडे पाहिलं. त्या तिच्याच मुठीत होत्या. "अहो, पण खाली आहे की! स्टाफसाठी लेडीज टॉयलेट केलंय सोसायटीने. मीच कमिटीत मुद्दा लावून धरला होता. लिफ्टने गेलात की डावीकडे. तुम्हाला तिथे जास्त मोकळं वाटेल."

प्रेमलाने वाद घातला नाही. वाद घालायला उभं राहावं लागतं.

लिफ्ट जवळजवळ प्रत्येक मजल्यावर थांबली. प्रेमला कोपऱ्यात कपाळ टेकून उभी होती. खाली डावीकडे खरोखरच दार होतं. दारावर 'महिला कर्मचारी' अशी पाटी होती, पाटीखाली कुलूप होतं आणि कुलपाशेजारी खुर्चीत वॉचमन धोंडिबा होता.

"चावी?"

"चावी म्यानेजर सायबाकडं."

"साहेब कुठंय?"

"जेवायला गेल्यात. आन् चावी असून बी काय उपेग? आत होळीच्या कार्यक्रमाच्या खुर्च्या भरल्यात. पन्नास खुर्च्या हायत, पर बसाया जागा न्हाई." त्याला स्वतःचा विनोद आवडला. मग त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि हसायचं थांबवलं. "लई नड हाय का?"

प्रेमलाने भिंत धरली. उत्तर द्यायला तोंड उघडावं, तर तेवढीही हालचाल परवडत नव्हती.

पार्किंगच्या कठड्यावर मच्छिंद्रराव बसले होते. ते उठून आले. "काय झालं बाई?"

धोंडिबाने हळूच सांगितलं.

"वर तीन हायत की!" मच्छिंद्रराव म्हणाले.

"बंद आहेत, काका."

मच्छिंद्ररावांनी वर पाहिलं. अकराव्या मजल्यापर्यंत नजर नेली आणि खाली आणली. "माझं बी बंद का?"

"हो."

त्यांनी धोतराचा सोगा हातात घेतला आणि मागच्या फाटकाकडे चालायला लागले. "चला. धोंडिबा, फाटक उघड."

फाटकापलीकडे त्यांनी न विकलेला तुकडा आहे. त्यात ऊस उभा होता, माणसाच्या डोक्याच्या वर. प्रेमला पुण्यात जन्मली, पुण्यात वाढली. शेतात पाय ठेवण्याचा प्रसंग तिच्यावर फार आला नव्हता. ती बांधावर थबकली.

"जा आत," मच्छिंद्रराव म्हणाले. "पात्यानं हात कापंल, जपून. मी हाय हितं."

ते तिच्याकडे पाठ करून, टॉवरकडे तोंड करून उभे राहिले आणि फोन कानाला लावून कुणाशीतरी पाण्याच्या पाळीवरून मोठमोठ्याने भांडायला लागले. फोन लागलेला नव्हता.

इकडे अकराव्या मजल्यावर तेजस्विनीने तिसरं दार लॉक केलं, ॲप उघडलं आणि पाचही तारे दिले. शेरा लिहिला: 'अतिशय स्वच्छ काम. मावशी हायजीनच्या बाबतीत फार काटेकोर आहेत.' त्याबरोबर कंपनीच्या दप्तरी आपोआप नोंद झाली: सेवा पूर्ण, स्वच्छतागृहे तीन, तिन्ही वापरण्यायोग्य, वरिष्ठ स्वच्छतागृह-तज्ज्ञ ग्राहकस्थळी उपस्थित.

त्या वेळी प्रेमला उसात बसली होती.