वाटलेला चीक

पंधरवड्यात आमच्या कोपरखैरण्याच्या गोठ्यात तीन गाई व्याल्या, आणि त्यातली दोन वासरं हगवणीने गेली. तिसऱ्या कालवडीलाही लागली. नुसतं पिवळं पाणी. मला घरात बसवेना. कांदा फोडणीला टाकायचा, गॅस बंद करायचा, गोठ्यात पळायचं, तिची शेपटी उचलून बघायचं, परत यायचं. सासूबाई वैतागल्या. "एका जागी बस गो. तुझ्या फेऱ्यांनी ती बरी व्हनार हाय का?" बसले. दोन मिनिटं.

शेण तपासून डॉक्टर आले. म्हणाले, आतड्यात परजीवी आहेत, ते फिनेलला दाद देत नाहीत आणि त्यांना ओल मानवते. मी तर दिवसातून चारदा फिनेल ओतून फरशी धूत होते. म्हणजे स्वच्छतेच्या नावाखाली मी रोगच पोसला. कपाळ माझं.

मग त्यांनी विचारलं, "ताई, जन्मल्यावर चीक किती पाजला?"

खाई त्याला खवखवे. मी खाली बघितलं. गाय व्याली की पहिला चीक शेजारी वाटायचा, ही आमच्या घरची रीत. "चीक कोनाला नाय म्हनू नये, बरकत जाते," हे सासूबाईंचं ठरलेलं. पूर्वी शेजार म्हणजे चार घरं. आता चहूकडे सोसायट्या, आणि प्रत्येकीला खरवस हवा. व्हॉट्सअॅपवर "काकी, चीक?" आलं की मी लगेच अंगठा टाकायची. मोठेपणाची हौस, दुसरं काय. तिन्ही वेळा वासराला आचळापासून ओढून डबे मीच भरले होते.

"थोडाच," मी म्हणाले.

"पहिल्या काही तासांत पोटभर मिळाला असता तर झुंजायला ताकद आली असती," डॉक्टर म्हणाले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

कालवडीला कोरड्यात वेगळं बांधलं. त्यांनी दिलेली पावडर पाण्यातून घोट घोट पाजत राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने गिळणं सोडलं. पाणी ओठांवरून माझ्या हातावर आलं, आणि ती गेली.

संध्याकाळी समोरच्या बिल्डिंगमधली बाई दुधाला आली. "काकी, खरवस काय झाला होता म्हणून सांगू. मुलांनी भांडून खाल्ला."

तिच्यावर कशी चिडू? तिला काय ठाऊक. "आवडला ना," मी म्हणाले, आणि तिची किटली भरून दिली.