उरलेली अर्धी ओळ

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय, पण विश्वास ठेवून नाही. दौंडच्या एका महाविद्यालयात मी एकतीस वर्षं ग्रंथपाल होतो. भुताखेतांची पुस्तकं माझ्याकडे कादंबऱ्यांच्या रांगेत लागायची आणि त्यांची जागा तीच, असं मी आजही म्हणेन. कुणी असलं काही सांगायला लागलं की मी आधी विचारायचो — किती वाजले होते, उजेड होता का, आणखी कोण होतं? स्वतःवर वेळ आली तेव्हा हेच प्रश्न मी स्वतःला विचारले. उत्तरं खाली आहेत. ती जुळवून कुणाला काही सुचलं तर मला खरंच हवं आहे.

आमचं गाव केडगाव स्टेशनापासून उत्तरेला, भीमेच्या काठावर. समोरचा काठ शिरूर तालुक्याचा. माझी पत्नी सुनंदा त्या काठावरची. तिकडच्याच एमआयडीसीत, एका कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात तिनं बावीस वर्षं नोकरी केली आणि तिथंच ती पर्ल शिकली. पर्ल ही संगणकाची एक जुनी भाषा. मजकुराच्या लांबच लांब फायली वाचून त्यातून हवं तेवढं काढायला तिच्यासारखी दुसरी नाही, असं सुनंदा म्हणायची. मला त्यातलं काहीच कळत नव्हतं.

निवृत्त झाल्यावर तिनं गावच्या उपसा सिंचन संस्थेचं एक काम अंगावर घेतलं. नदीचं पाणी मोटारीनं उचलून चार किलोमीटर पाइपलाइननं नेतात. साठ सभासद आहेत. दर पंधरवड्याला, गुरुवारी, कुणाला कधीपासून कधीपर्यंत पाणी, याचं पाळीपत्रक फळ्यावर लागतं. पूर्वी ते हातानं व्हायचं आणि दरवेळी नदीजवळच्या शेतापासून, म्हणजे हेडपासून, सुरू व्हायचं. मध्येच वीज जायची, मोटार जळायची आणि शेवटच्या, टेलच्या लोकांपर्यंत पाणी पोचायच्या आत नवी पाळी पुन्हा हेडपासून लागायची. सुनंदानं पर्लमध्ये ऐंशी ओळींची एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, लिहिली. ती सभासदांची फाइल वाचायची, तासांची बेरीज करून वेळा काढायची आणि एकदा हेडपासून, पुढच्या वेळी टेलपासून यादी लावायची. कॉम्प्युटरनं काढलंय म्हटल्यावर भांडायला कुणी उरलं नाही. टेलच्या लोकांनी पहिल्यांदाच भाजीपाला आणि फुलं लावली.

गेल्या वर्षीच्या मार्गशीर्षात सुनंदा गेली. तापाचं निमित्त झालं… चार दिवस.

त्यानंतर पत्रक मी काढू लागलो. काढू लागलो म्हणजे काय, तिनं दाखवून ठेवलेलं एक बटण दाबायचो. यंदा दसऱ्याच्या आधी मात्र अडलं. टेलच्या हौसाबाई आणि त्यांचे दीर यांच्यात वाटणी झाली, शेवटच्या चार सभासदांचे तास बदलले. पाटकरी बापूराव, म्हणजे पाण्याचे व्हॉल्व्ह फिरवणारा आमचा माणूस, यांनी त्या चार ओळी मोबाइलवर टाइप करून पाठवल्या. मी त्या फायलीत चिकटवल्या, बटण दाबलं आणि पडद्यावर चार इंग्रजी तक्रारी आल्या. पत्रकही आलं, पण त्यात त्या चौघांपुढे शून्य तास. तासांची साखळी असते. चार कड्या शून्य झाल्या की सगळ्यांच्याच वेळा चुकतात.

सोमवारपासून मी त्याच्या मागे होतो. सुनंदाची एक दोनशेपानी वही आहे, पर्लमध्ये नवशिक्यानं केलेल्या चुका आणि त्यांवरचे उपाय. ‘फाइल सापडत नाही म्हणाली तर आधी आपण कुठल्या फोल्डरमध्ये आहोत ते बघा.’ ‘चूक चोविसाव्या ओळीत सांगितली तर तेविसावी बघा, अर्धविराम तिथं राहिलेला असतो.’ ‘दोन नावं सारखी दिसतात पण जुळत नाहीत, तर ओळीच्या शेवटी न दिसणारं काहीतरी आहे.’ आणि एका पानावर नुसतंच, ‘घाबरू नका. ती चूक दाखवते, रागवत नाही.’ वही स्वतःसाठी असती तर तिनं ‘बघ’ लिहिलं असतं, ‘घाबरू नको’ लिहिलं असतं. हे माझ्या ध्यानात आलं त्या दिवशी मी वही मिटून ठेवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडली.

त्या वहीच्या आधारानं मी दोन चुका काढल्या, आणि त्या दोन्ही शोधाशोध करताना माझ्याच हातून झालेल्या होत्या. मूळची तक्रार होती तिथंच राहिली. एक्केचाळिसावी ओळ, असं ती म्हणत होती. तीन दिवस मी एक्केचाळिसावी ओळ बघत होतो. तिथं साधी बेरीज होती.

गुरुवारी सकाळी संस्थेचे चेअरमन आबा पंपहाऊसच्या ऑफिसात आले. सत्तरीचे आहेत, माणूस वाईट नाही, फक्त त्यांचं रान हेडला आहे.

“सर, तुमचा मान हाय,” ते म्हणाले, “पन मशीन वहिनींचं हुतं आन् वहिनी न्हाईत. चार वाजंपतुर बघतो, न्हाईतर बापूला पाळीची जुनी वही काढाय सांगतो. पयल्यावानी. हेडपासनं.”

हौसाबाई पायरीवर बसल्या होत्या. अठरा गुंठे झेंडू आहे त्यांचा, कळ्या धरलेला. या पाळीला टेलपासून सुरुवात होती, म्हणजे सगळ्यात आधी पाणी त्यांना. आबा गेल्यावर त्या म्हणाल्या, “वरनं सुरू केलं तर दसऱ्यापातुर माझ्यात पाणी येतंय व्हय? कवा आलं हुतं? बाईंनी आमच्याकडनं सुरवात केली. तुमी तर आमाला शून्यातच काढलं, सर.”

एकदा ती जुनी वही निघाली की स्क्रिप्ट पुन्हा कुणी चालवणार नाही, हे त्यांना कळत होतं आणि मलाही.

आता ती वेळ. दुपारचे अडीच, लख्ख ऊन. पत्रक नाही म्हणून मोटार बंद, त्यामुळे पंपहाऊसमध्ये कधी नसते अशी शांतता. बापूराव आणि हौसाबाई शेवटच्या व्हॉल्व्हकडे गेलेले, म्हणजे चार किलोमीटरवर. जवळचं घर अर्ध्या किलोमीटरवर. ऑफिसच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये रामसेवक चहा ठेवत होता. तो बिहारचा, पन्नाशीचा, मोटार चालवायला यंदा चैत्रात आलेला. सुनंदाला त्यानं पाहिलेलं नाही.

मला आमची जुनी रीत आठवली. सुनंदा कुठं अडली की माझ्यासमोर येऊन बसायची. “तुम्हाला काही कळायची गरज नाही,” ती म्हणायची. “मी एकेक ओळ मोठ्यानं वाचते. मी थांबले की नुसतं ‘मग?’ म्हणायचं.” मी पुस्तकातून मान वर न काढता ‘मग?’ म्हणायचो. चार-पाच ‘मग?’ झाले की वाचता वाचता तिलाच चूक दिसायची. कारखान्यातल्या साहेबांपेक्षा माझ्या ‘मग?’चा उपयोग जास्त, असं ती म्हणायची. त्यात थोडी चेष्टा होती, थोडं खरंही असावं.

दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून मी मोठ्यानं वाचायला लागलो. आधी स्क्रिप्ट, पहिल्या ओळीपासून. मग पडद्यावरच्या तक्रारींतली शेवटची: आर्ग्युमेंट… पुढे एम, टक्क्याची खूण, चांदणी असलं काहीतरी अगम्य… इझन्ट न्यूमेरिक इन ॲडिशन, ॲट पत्रक डॉट पीएल, लाइन फॉर्टीवन.

थांबलो.

“मग?”

माझ्या डावीकडून, थोडं मागून. मोठ्यानं नाही. जवळ बसलेलं माणूस म्हणेल तसं.

मी वळलो नाही. घाबरलोही नाही, आणि हेच मला आजवर उमगलेलं नाही. त्या क्षणी त्यात काही वेगळं वाटलंच नाही. मी आपलं उत्तर दिलं. थोडं वैतागूनच म्हणालो, “मग काय… एक्केचाळिसाव्या ओळीत काही चूक नाही.”

“मग?”

तेव्हा मी पडद्याकडे बघितलं. वाक्य एक्केचाळिसाशी संपतच नव्हतं. पुढे स्वल्पविराम होता, कंसात एक खूण होती आणि मग, लाइन सिक्स्टी. तीन दिवस मी ते शेपूट निरर्थक म्हणून सोडून देत होतो. आयुष्यभर विद्यार्थ्यांना वाक्य शेवटपर्यंत वाचा म्हणून सांगणारा माणूस मी! चारही तक्रारी मला एकसारख्या वाटल्या होत्या. त्यांचं शेपूट वेगळं होतं. सत्तावन्न, अठ्ठावन्न, एकोणसाठ, साठ. या ओळी स्क्रिप्टमधल्या नव्हत्या, स्क्रिप्ट जी फाइल वाचत होती तिच्यातल्या होत्या. सभासदांच्या.

सभासदांची फाइल उघडली. साठावी ओळ: हौसाबाईंचं नाव, स्वल्पविराम, ४.

बरोबर दिसत होतं. मला बरोबर दिसत होतं, कारण मला दोन्ही आकडे वाचता येतात. वरच्या छप्पन्न ओळींत सुनंदानं इंग्रजी आकडे घातले होते. बापूरावांचा मोबाइल मराठीत, त्यांचा चार मराठी चार. पर्लच्या लेखी तो आकडाच नव्हता; जो आकडा नाही त्याची किंमत तिनं शून्य धरली होती.

चार आकडे बदलले, बटण दाबलं. तक्रार नाही. पत्रक आलं. पहिलं नाव हौसाबाई, शुक्रवार, सकाळी आठ ते बारा.

“झालं गं,” असं म्हणत मी डावीकडे वळलो. तिथं प्लॅस्टिकची खुर्ची होती. रिकामी.

किती वेळ गेला सांगता येणार नाही, फार नसावा. रामसेवक चहा घेऊन आला. दोन ग्लास. एक माझ्यापुढे ठेवला, दुसरा टेबलाच्या डाव्या कडेला, आणि दाराकडे बघत म्हणाला, “मैडम चली गईं क्या? उनकी बिना शक्कर की बनाई थी।”

मी विचारलं, कोण मॅडम.

“जो आपसे बात कर रही थीं। अंदर से बोलीं ना, मेरी फीकी लाना।”

सुनंदाला बारा वर्षं मधुमेह होता. कारखान्यातल्या लोकांशी बोलून बोलून तिचं हिंदी चांगलं झालं होतं. मी ते वाक्य ऐकलेलं नाही. मी दोन वेळा ‘मग?’ ऐकलं, एवढंच. चेहरा बघितला का, असं मी त्याला विचारलं. नाही म्हणाला, शेडमधून ऑफिसचं दार दिसत नाही.

चार वाजता आबा आले. पत्रक हातात घेऊन त्यांनी बोट वरून खाली नेलं, स्वतःचं नाव शेवटी सापडलं. “टेलपासनं व्हय या वख्ताला,” म्हणाले आणि सही केली. पुढे एवढंच म्हणाले, “वहिनींनी शिकवलं हुतं वाटतं तुमाला.” मी हो म्हणालो. बापूराव मात्र रुसले होते. त्यांचं म्हणणं, “मी तर बराबरच लिवलं हुतं.” मी सांगितलं, तुमचं बरोबरच होतं, मशीनलाच वाचता येत नव्हतं. तेव्हा कुठं ते हसले.

हौसाबाईंच्या झेंडूला शुक्रवारी पाणी मिळालं. दसऱ्याला त्यांनी टोपलीभर फुलं घरी आणून दिली. निम्मी मी सुनंदाच्या फोटोला घातली आणि निम्मी, हे जरा विचित्र वाटेल, कॉम्प्युटरला.

आता माझे प्रश्न. आवाजाबद्दल मी आग्रह धरत नाही. दहा महिन्यांचं दुःख, तीन दिवसांची कमी झोप, जुनी सवय. माझ्या मनानंच तो शब्द उच्चारला असेल. पण माझ्या मनातलं रामसेवकला कसं ऐकू आलं? त्याला कुणी आधी सांगितलं असेल म्हणावं, तर माझी पत्नी वारली आहे हेही त्याला माहीत नव्हतं. गावातल्या चौघांना मी फिरवून फिरवून विचारलं. त्यांच्यापैकी त्याच्याशी हा विषय कुणी काढला नव्हता. दुसरी कुणी बाई आली असेल, तर ती कुठून आली आणि कुठं गेली? नदीकडून वाट नाही, गावाकडची वाट शेडवरून जाते. तीन महिने मी हे उलटून पालटून बघतोय. मला काही सापडलेलं नाही.

दरम्यान मी स्क्रिप्टमध्ये एक ओळ वाढवली, आता ती मराठी आकडेही वाचते. त्या एका ओळीला मला अकरा दिवस लागले. वहीत सुनंदाच्या शेवटच्या नोंदीखाली माझ्या अक्षरात एक नोंद आहे: ‘तक्रार शेवटपर्यंत वाचा. तिच्यात दोन ओळी असतात, एक आपण लिहिलेल्यातली, एक आपण वाचतोय त्यातली.’ हौसाबाईंची सून बारावी झालेली आहे. दर गुरुवारी दुपारी ती शिकायला येते. अडली की मी तिला मोठ्यानं वाचायला लावतो आणि थांबली की माझा शब्द म्हणतो. परवा तिनं अर्धविराम स्वतः शोधला आणि माझ्याकडे अशी बघत राहिली, जसा काही मीच तो सांगितला.

मला मात्र पुन्हा काही ऐकू आलेलं नाही.

रामसेवकला पुढे बापूरावांकडून सगळं कळलं. पुढच्या गुरुवारी आला तो तीन ग्लास घेऊन. एक माझा, एक सुनेचा, एक टेबलाच्या डाव्या कडेला. मी म्हणालो, अरे, आता कशाला?

“उन्होंने मना तो नहीं किया, सर,” तो म्हणाला, आणि ग्लास खुर्चीच्या बाजूला जरा सरकवून ठेवला.